डोरे भिजू द्या जी

मे महिन्यात भंडाऱ्याच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येतं. त्या महिन्यातही किसन हटवार काळा, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, मनगटाची बटणं लावून आणि गळ्याचं शेवटचं बटणही न विसरता सायकलवरून कारखान्यात यायचे. आम्ही बाकीचे तेव्हा बनियनवर काही घालावं की नाही या विचारात असायचो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नागपूरहून डिप्लोमा घेऊन गावात परतलो होतो आणि तपासणी विभागात सुपरवायझर म्हणून लागलो होतो. मला काहीच येत नव्हतं, आणि ही गोष्ट कारखान्यात फक्त मलाच ठाऊक नव्हती.

पहिल्याच दिवशी तो काळा सदरा पाहून मी चेहरा शक्य तितका दुःखी केला आणि विचारलं, "हटवारजी, घरी कोणी वारलं का?"

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "नाई जी. सकारी निघालो तवा तं सर्वे होते."

त्यांच्या कोंढा या गावाकडच्या बोलीत 'ळ' फारसा नांदत नाही. सकाळची सकार होते, काळ्याचा कारा होतो आणि डोळ्याचा डोरा. 'डोरा' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पुढे जितक्या वेळा ऐकला तितक्या वेळा माझं स्वतःचं नावही कोणी घेतलं नसेल.

आमच्या कारखान्यात ट्रकच्या स्टिअरिंगला लागणारे लोखंडी हात बनत. चालवणारा चाक फिरवतो आणि ट्रक वळतो, त्या दोन क्रियांच्या मधोमध हा हात असतो. त्यात केसाएवढी भेग राहिली तर एखाद्या घाटात चाक फिरतं आणि ट्रक सरळच जातो. म्हणून प्रत्येक हात एका अंधाऱ्या खोलीत तपासला जाई. आधी त्याला लोहचुंबकासारखं करायचं, मग चमकणारी पावडर मिसळलेलं रॉकेल त्यावर ओतायचं, आणि मग जांभळा दिवा धरायचा. या दिव्याचा उजेड डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. पण भेग असेल तिथे पावडर गोळा झालेली असते आणि काळ्याकुट्ट अंधारात ती हिरवीगार रेघ होऊन पेटते. त्या खोलीला सगळे 'कोठडी' म्हणत. हटवारजी त्या कोठडीत सतरा वर्षं होते आणि दुलीचंद नावाचा त्यांचा जोडीदार लोखंड उचलून द्यायला.

मी पहिल्यांदा कोठडीत शिरलो तो थेट टेबलाकडे निघालो. अंधारातून आवाज आला, "बसा जी अगोदर. डोरे भिजू द्या."

"काय भिजू द्या?"

"डोरे. धान भिजू घालता ना पेराच्या अगोदर? तसंच. पाच मिनिट बंद करून बसा. उन्हातले डोरे इथी कामाचे नाई."

मी बसलो. शेजारी ते बसले. रोज सकाळी, जेवणानंतर, चहानंतर, जितक्या वेळा बाहेर जात तितक्या वेळा ते असे स्टुलावर डोळे मिटून बसत. एका नव्या अधिकाऱ्याने त्यांना झोपलेले समजून पकडलंही होतं. त्यालाही त्यांनी शेजारी बसवून पाच मिनिटं डोळे मिटायला लावले, आणि तो मात्र खरोखर झोपला.

पाच मिनिटांनी दुलीचंदने दिवा माझ्या बाजूला वळवला आणि मी ट्यूबलाइटसारखा उजळलो. माझा पांढराशुभ्र टेरिलीनचा शर्ट, आईने नव्या साबणपावडरीत धुतलेला, निळसर पांढरा असा पेटला की कोठडीत दुसरं काही दिसेना.

"म्हनून कारा घालतो जी," हटवारजी म्हणाले. "तुमच्या सदऱ्याच्या उजेडात भेग कशी दिसन?" मी ओशाळून हसलो. ते जरा पुढे वाकले. "अन् सायेब, तुमचा एक दात नकली हाये काय?"

माझा समोरचा एक दात कॉलेजात सायकलवरून पडताना गेला होता. त्या जागी बसवलेला दात इतका बेमालूम होता की घरच्यांशिवाय कोणाला पत्ता नव्हता. जांभळ्या उजेडात बाकीचे दात चमकतात आणि नकली दात काळा पडतो, हे दंतवैद्याने मला सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ही बातमी कॅन्टीनमध्ये माझ्याआधी पोचली. हटवारजींनी कोणाला सांगितलं नव्हतं. दुलीचंद बपेऱ्याचा, मध्यप्रदेशच्या सीमेवरचा माणूस, त्याला दोन भाषांत सांगायची सोय होती.

दिव्याला हटवारजी 'बाई' म्हणत. बाई पेटवली की पूर्ण उजेड द्यायला पाच मिनिटं घेई, आणि एकदा विझवली की गरम असेपर्यंत पुन्हा पेटतच नसे. मी दोनतीनदा खोलीतून निघताना सवयीने बटण बंद केलं आणि सगळं काम अडलं. "निजली आता," हटवारजी म्हणत, "चाला, चहा घेऊन येऊ." रागावणं त्यांना येत नसावं. पण बाईच्या बाबतीत त्यांचे काही नियम होते आणि तिथे माणूस लोखंडाचा व्हायचा.

पहिला नियम, दिव्यात पाहायचं नाही. "दिवा पाहाची गोष्ट नाई जी. दिवा दाखवते ते पाहा." या उजेडात डोळ्याचं बुबुळच धूसर चमकायला लागतं, आणि मग माणसाला धुकं दिसतं, भेग दिसत नाही. दुसरा, मनगटापर्यंत बाह्या आणि हातात मोजे. आणि तिसरा सगळ्यात मोठा, काच. दिव्याच्या तोंडावर एक जाड, जवळजवळ काळी काच असते. आतल्या नळीतून दोन तऱ्हेचे किरण निघतात, कामाचे आणि डोळे-कातडी जाळणारे. जाळणारे ती काच अडवते. ती काच शाबूत असेपर्यंत बाई गरीब. काचेला तडा गेला की त्यातून जे बाहेर येतं ते दिसत नाही, तेव्हा लागतही नाही, आणि संध्याकाळी कळतं.

म्हणून रोज सकाळी दिवा पेटवण्याआधी हटवारजी ती काच काढून कोठडीच्या दारात येत, आकाशाकडे धरत, आणि कडेने हळूहळू नख फिरवत. मग पुसून परत लावत आणि वहीत एक रेघ ओढत. चौथी शिकलेला माणूस, लिहायचा कंटाळा. रेघ म्हणजे काच ठीक. सतरा वर्षांच्या रेघा होत्या.

"तुमचे वडील काय करायचे हो?" मी एकदा विचारलं. त्यांचं ते नख फिरवणं पाहून मला वाटलं होतं सोनार असावेत.

"बोडीच्या पारीवर राहत. धान सर्वं त्या पान्यावर." बोडी म्हणजे गावचं लहान तळं आणि पार म्हणजे त्याचा बांध. "पार फुटते तवा सर्वेच पाह्यतेत. माहा बाप त्याच्या अगोदरची ओल पाहे. बोटभर ओल दिसली का रातभर गाव जागं करे. लोक शिव्या देत. पार काई फुटली नाई कधी."

यावर मी काहीतरी टाळ्या घेणारं बोललो असेन. आठवत नाही. त्या वयात मी बोलत असे फार.

विंचवाची गोष्ट मात्र आठवते. एकदा टेबलाखालच्या कोपऱ्यात मला एक हिरवा चमकणारा डाग दिसला. मी लगेच साहेबी सुरात म्हणालो, "दुलीचंद, ही पावडर सांडली आहे. स्वच्छता नको का?" आणि आदर्श घालून देण्यासाठी खिशातला रुमाल काढून स्वतःच वाकलो. रुमाल डागापासून चार बोटांवर असताना हटवारजींनी माझी कॉलर पकडली.

"पुसू नका जी. इचू व्हय."

डागाला नांगी होती. विंचू या उजेडात हिरवा चमकतो, हेही मला कोणी शिकवलं नव्हतं. मी उडी मारून स्टुलावर चढलो. दुलीचंद म्हणाला, "सायेब, आदर्श उतरवा खाली, पडन." हटवारजींनी विंचवाला पत्र्याच्या तुकड्यावर घेतलं, कुंपणापलीकडे सोडलं, आणि परत येऊन डोळे मिटून बसले. पाच मिनिटं. नियम म्हणजे नियम.

खरी भेग आणि नुसता ओरखडा ओळखायची त्यांची पद्धत साधी होती. रेघ दिसली की फडक्याने पुसायची आणि पुन्हा रॉकेल ओतायचं. "ओरखडा असन तं गेला. भेग असन तं परत वर येते. घाई नाई कराची, वाट पाहाची." ती पद्धत पुढे त्यांनी माझ्यावर वापरली.

रोवणीच्या दिवसांत ते चार दिवस रजा घेत. कोंढ्याला धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, असली की त्यांना मॅनेजरही अडवू शकत नसे. जाताना मला म्हणाले, "बाईले हात नका लावू जी. मी आलो का सर्वं पाहून घेतो." हे त्यांनी सांगितलं नसतं तर मी कदाचित हात लावला नसता.

शनिवारी सकाळी मॅनेजरसाहेबांनी विचारलं की एक गाडी भरायची आहे, काही हात तपासून होतील का. मी म्हणालो, "त्यात काय साहेब!" दुलीचंद त्या दिवशी दुसऱ्या खात्यात होता. मी एकट्याने कोठडीत जाऊन बाई पेटवली. काच पाहिली नाही, डोळे भिजवले नाहीत. गरम होत होतं म्हणून बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, गळ्याची दोन बटणं सोडली. अर्ध्या तासाने काचेवर तेलाचा ओघळ दिसला. माझं स्वच्छतेचं वेड तुम्हाला ठाऊक आहेच. मी ओलं फडकं घेऊन तापलेली काच पुसली.

'टिक्' असा बारीक आवाज झाला.

काचेच्या कडेपासून मधापर्यंत एक तडा, केसासारखा. त्यातून माझ्या तळहातावर पांढऱ्या उजेडाचा दोरा पडला. मी तो पाहिला, आणि स्वतःला म्हणालो, एवढ्याने काय होतंय. अडीच तास काम केलं. अगदी जवळून, कारण तडा गेल्यापासून मला भेगा नीट दिसत नव्हत्या.

संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरली. वाळू म्हणजे वैनगंगेच्या पात्रातली सगळी. उघडले की धार लागे, मिटले की टोचे. आईने विचारलं, मी म्हणालो डोळे आले. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, मला तुमसरला मुलगी पाहायला जायचं होतं! मी काळा चष्मा लावून गेलो. मुलीच्या मावशीने चष्मा काढायला लावला, तर मी सगळ्यांसमोर घळाघळा रडत होतो. "मुलगा हळवा आहे," मावशी म्हणाली, आणि तेवढ्यावर लग्न ठरलं. माझ्या बायकोला खरं कारण कळलं तेव्हा उशीर झाला होता.

सोमवारी हटवारजी परत आले. दारात उभे राहून काच आकाशाकडे धरली, नख फिरवलं, थांबले. वहीत रेघ ओढली नाही. काच कापडात गुंडाळून ठेवली आणि म्हणाले, "आज बाई पेटत नाई."

मी काळा चष्मा लावून शेजारी उभा होतो. "डोळे आलेत माझे," मी न विचारताच म्हणालो.

"हो?" त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. कोपरापासून खाली सगळा हात लालबुंद होता, फक्त घड्याळाखालची कातडी जशीच्या तशी. घड्याळ जरा सरकलं होतं आणि त्याचा गोरा पट्टा बाजूने दिसत होता. "डोरे येतेत तं मनगट कायले भाजते जी?"

"उन्हात फिरलो."

"चार दिस झाले, ऊन तं कोनीच नाई पाह्यलं." रोवणीचे दिवस, आभाळ सतत भरलेलं. मी घड्याळ वर सरकवून घेतलं.

दुपारी मॅनेजरसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. शनिवारी अर्धी भरलेली गाडी अजून दारात उभी होती. शनिवारी काच कशी होती, असं त्यांनी मला सकाळीच विचारलं होतं आणि मी 'ठीक होती' म्हणून मोकळा झालो होतो. मी अजून नोकरीत कायम व्हायचा होतो. लग्न कालच ठरलं होतं. कारणं चांगली होती सगळी.

"हटवार," साहेब म्हणाले, "शनिवारी काच ठीक होती. म्हणजे ती आज तुमच्या हातून तडकली. ते एक असो. पण केसाएवढ्या तड्यासाठी काम बंद ठेवता? नवी काच यायला आठ दिवस लागतील. दिवा लावा."

"नाई लागत जी."

"मग मला पत्र द्यावं लागेल. काच फोडली आणि काम अडवलं. निवृत्तीला किती वर्षं उरलीत तुमची?"

"दोन वर्सं."

टेबलावर पत्र टाइप केलेलं होतं, फक्त सही बाकी. हटवारजींची नोकरी होती म्हणूनच त्यांच्या दोन मुली शाळेत होत्या, हे मला माहीत होतं. साहेबांनाही होतं.

"सायेब, पत्र द्या," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "पन त्या दिव्याखाली माहा दुलीचंद आठ घंटे बसते. त्याचे डोरे मी नाई देत."

"काय होतं हो त्याने? कोणाला झालंय आजपर्यंत?"

हटवारजींनी एक वाक्य बोलायची खोटी होती. 'यायचा हात पाहा', म्हणजे यांचा हात पाहा, एवढंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन हात मागे बांधून, काळ्या सदऱ्याची सगळी बटणं लावून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभे राहिले. डोळे मिटून पाच मिनिटं बसतात तशी त्यांची मुद्रा होती. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

मी आधी चष्मा काढला. मग घड्याळ काढलं आणि हात टेबलावर, त्या पत्रावरच ठेवला. लाल हातावर घड्याळाचा गोरा गोल पट्टा, आणि मनगटाच्या कडेने पापुद्रे सुटू लागलेले. "मला झालंय, साहेब. शनिवारी. काच मीच तडकवली, ओल्या फडक्याने. आणि तशीच वापरली."

साहेबांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी पत्र माझ्या हाताखालून ओढून घेतलं आणि फाडलं. दुसरं पत्र त्यांनी टाइप करवलं ते माझ्या नावाचं. माझं कायम होणं सहा महिने पुढे गेलं.

बाहेर पडताना हटवारजींनी साहेबांना एवढंच विचारलं की शनिवारी तपासलेले हात गाडीतून उतरवू का. "यायले तवा धुकं दिसत होतं जी." गाडी रिकामी केली. नवी काच आल्यावर ते सगळे हात पुन्हा पाहिले. मी पास केलेल्यांत एक भेगेचा निघाला. त्यांनी तो कोणाला दाखवला नाही, फक्त माझ्या टेबलावर आणून ठेवला. अजून माझ्याकडे आहे. कागद उडू नयेत म्हणून वापरतो, असं मी लोकांना सांगतो.

काही दिवसांनी मी धीर करून विचारलं, "तुम्हाला सोमवारीच कळलं होतं. बोलला का नाहीत?"

"एकदा पुसलं होतं जी. एकदा रॉकेल टाकलं होतं," ते म्हणाले. "वाट पाहून राहिलो होतो."

"आणि मी वर आलोच नसतो तर?"

त्यांनी जरा विचार केला. "तं माहा पैला चुकलेला नग ठरले असते तुमी." आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून जोडलं, "सहा महिने भेटले ना अजून? शिकून घ्या."

मी शिकलो. कोठडीच्या दारावर 'काच पाहिल्याशिवाय दिवा लावू नये' अशी पाटी त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतली. अक्षर माझं चांगलं आहे, म्हणाले, तेवढं तरी वापरा.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. त्यानंतर चारपाच वर्षांनी एकदा पवनीला काम होतं, तसाच कोंढ्याला गेलो. नदीवरच्या मोठ्या धरणाचं बोलणं तेव्हा सगळीकडे चालू होतं, पण रोवणी त्याला विचारून थांबत नव्हती. हटवारजी बांधावरून घरी येत होते. पायाला चिखल, अंगात काळा सदरा, मनगटापर्यंत. त्या दिवशी ऊन लख्ख होतं. मी त्यांच्या दारातून हाक मारली. त्यांनी हात वर केला, दारापर्यंत आले, आणि आत येण्याऐवजी उंबरठ्यावर डोळे मिटून बसले.

मी घड्याळ पाहिलं नाही. नुसता शेजारी बसलो आणि मीही डोळे मिटले.

"हं," थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता दिसले तुमी. दात तोच हाये का जी?"

"तोच."

चहा झाला. आता कोठडी माझ्या ताब्यात आहे आणि वहीत रोज रेघ ओढतो, असं मी सांगितलं. "काच काढूनच ना?" त्यांनी विचारलं. काढूनच, मी म्हणालो. निघताना ते बांधापर्यंत आले. उकडत होतं, माझ्या बाह्या वर सरकवलेल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी माझा उजवा हात घेतला, बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावलं. मग डावा.

एसटी मिळाली. खिडकीतून मागे पाहिलं. कोठडीत सगळा अंधार असायचा आणि त्यात एक हिरवी रेघ शोधायची. इथे नजर पोचेल तिथवर धान हिरवं होतं, आणि मधोमध बांधावर एक काळी रेघ, उभी. वळणापर्यंत ती पुसली गेली नाही.